निरोगी गट

"तू कुनाचा रं?" असं बायजाआत्यानं मला विचारलं तेव्हा फुलांचा गुच्छ निम्मा तिच्या हातात होता आणि निम्मा माझ्या. मागच्या फलकावर माझा फोटो होता, खाली डॉ. सम्यक विश्राम जाधव असं नाव, आणि त्याखाली लाल अक्षरांत 'मोहन्याचा अभिमान'. माईक चालू असल्यामुळे तिचा प्रश्न सगळ्या विहारानं ऐकला. मग विहार कमिटीचे अध्यक्ष महेंद्रकाका मोठ्यानं हसले, "अगं बायजाबाई, आपला सम्यक तो! विश्रामचा!" आणि मग सगळेच हसले, प्रेमानंच हसले. मीही हसलो. बायजाआत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "विश्रामचा व्हय? विश्राम गेला आसंल ना कंपनीत," ती म्हणाली, आणि गुच्छ सोडून दिला. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि कंपनी तर त्यांच्याही आधी बंद पडलेली. मोहन्यातल्या रेयॉनच्या त्या कंपनीच्या चाळीत, तिच्या आणि आमच्या खोलीमध्ये एकच भिंत होती. आई दुसऱ्या पाळीला कामावर गेली की मी भिंतीच्या पलीकडे जेवायचो, तिथेच अभ्यास करायचो, आणि झोप आली की तिथेच आडवा व्हायचो. ती माझी सख्खी आत्या नव्हे, पण सख्ख्या आत्यांची नावं मला आठवून सांगावी लागतात. आणि आता ती खुर्चीकडे परत जाताना शेजारणीला विचारत होती, कुणाचं लग्न हाय गं?

एखाद्याला हा प्रसंग हृदयाला हात घालणारा वगैरे वाटला असता. मला तसं काही वाटलं नाही. मला लाज वाटली. आणि ती लाज नवीन नव्हती. सात वर्षं ती माझ्याजवळ होती. फक्त आज तिनं माईकवरून माझं नाव विचारलं.

मी मेंदूवर काम करतो. लोकांना सांगताना मी एवढंच सांगतो, कारण पुढचं सांगायला लागलो की ते जांभई दाबतात. आपल्या मेंदूत सतत बारीक वीज खेळत असते. डोक्याला टोपीसारखं एक जाळं घालायचं, त्यात बत्तीस बटणं असतात, प्रत्येक बटणाखाली केसांच्या मुळाशी चिकट जेल लावायचं, की ती वीज पडद्यावर रेघांसारखी उमटते. त्या रेघा मी यंत्राला शिकवतो. या रेघा आजारी माणसाच्या, या निरोगी माणसाच्या, असं पुन्हा पुन्हा दाखवत राहिलं की यंत्र पुढे आपलं आपणच ओळखू लागतं, की या माणसाला विसरण्याचा आजार जडतो आहे. डॉक्टरांच्या आधी, घरच्यांच्या आधी, त्या माणसाच्याही आधी. निदान माझा दावा तसा आहे. याच दाव्यावर मला परदेशात दोन वर्षं मिळाली, संस्थेत प्रयोगशाळा मिळाली, बाळकुमला तेविसाव्या मजल्यावर घर झालं, आणि गेल्या महिन्यात विभागप्रमुखाची खुर्चीही आली. त्या खुर्चीचाच हा सत्कार होता. सत्काराच्या सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. मला ते लहानपणापासून पाठ आहे, झोपेतही म्हणेन. पण चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, तेव्हा माझे ओठ हलले आणि आवाज आला नाही. माझ्या शेजारी महेंद्रकाका खणखणीत म्हणत होते, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

सात वर्षांपूर्वी याच विहारात मी त्या टोप्या घेऊन आलेलो. यंत्राला शिकवायला दोन गट लागतात. आजारी माणसं दवाखान्यात मिळतात, पण त्याच वयाची धडधाकट माणसं, जी काही दुखत नसताना तासभर डोक्याला जेल लावून गप्प बसतील, ती कुठून आणायची? ठाण्यातल्या सोसायट्यांतून मी जाहिराती लावल्या. चार जण आले, त्यातले दोन बटणं बघून परत गेले. तेव्हा मला मोहने आठवलं. एरवी मला मोहने आठवायचं नाही. कोणी विचारलंच तर मी कल्याणचा आहे असं सांगायचो, आणि कल्याण कुठलं असं विचारलं तर विषय बदलायचो. पण माणसं हवी होती तेव्हा बरोबर आठवलं. मी बायजाआत्याला फोन केला. विहाराची किल्ली तेव्हा तिच्याकडे असायची. कमरेला, पदराच्या आत. पहाटे उघडायचं, झाडायचं, रात्री कुलूप लावायचं, हे ती नवरा गेल्यापासून वीस वर्षं करत होती आणि त्याचा तिला असा काही तोरा होता की कमिटीचे लोकसुद्धा तिला विचारून आत यायचे.

"कितीक मान्सं पायजेत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तीस. साठीच्या पुढची. एक जरी कमी पडला तरी सगळं वाया जाईल. हे खरं नव्हतं, अठ्ठावीस असते तरी चाललं असतं. पण आपल्या माणसांना कामाला लावायचं तर थोडं वाढवून सांगायचं, ही अक्कल मला शिक्षणानं दिली होती. ती घरोघर फिरली. आपल्या सम्यकला तीस डोकी पायजेत, असं तिनं चाळीभर सांगितलं आणि लोक हसत हसत तयार झाले. मी एकच अट घातली होती, केसांना तेल नको. तेल असलं की जेल धरत नाही आणि रेघा बिघडतात. सत्तर वर्षांच्या बायका, ज्यांनी जन्मात कोरड्या केसांनी उंबरा ओलांडला नव्हता, त्या रविवारी सकाळी केस धुऊन, भुरभुरत्या पांढऱ्या डोक्यांनी विहारात ओळीनं बसल्या होत्या आणि एकमेकींना बघून तोंडाला पदर लावत होत्या. बायजाआत्या त्यांच्यात मुकादमासारखी फिरत होती, प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून वास घेत होती. एकीला तिनं परत पाठवलं, "जा, पुन्यांदा धुऊन ये, पोराचं मशीन खराब हुईल." स्वतः नवव्या नंबरला बसली. माझ्या वहीत ती 'निरोगी नऊ'. टोपी डोक्यावर चढली तेव्हा मला म्हणाली, "माज्या डोक्यातलं समदं दिसंल का रं तुला?" मी म्हटलं, सगळं. "मग तुज्या आयला सांगू नको," ती म्हणाली, आणि स्वतःच इतकी हसली की तिच्या रेघा पाच मिनिटं वाचण्याजोग्या नव्हत्या.

तिसऱ्या रविवारी शेवटच्या माणसाची वेळ होती. मागच्या गल्लीतल्या रखमाबाई येणार होत्या, त्या साताऱ्याकडच्या. मी जेवायला आईकडे गेलेलो, मितेश नावाचा आमचा तंत्रज्ञ टोप्या लावत होता. मी परत आलो तेव्हा काम संपलं होतं आणि खुर्चीतून बायजाआत्या उठत होती, केसांना नुकतंच लावलेलं जेल, कपाळावर बटणांचे गोल वळ. संमतीच्या कागदावर नाव रखमाबाईंचं होतं आणि खाली रखमा अशी सही होती. रखमाबाई अंगठा लावतात हे मला ठाऊक होतं. सही बायजाआत्याच्या वळणाची होती, प्रौढ साक्षरता वर्गात मीच तिला अक्षरं लिहायला शिकवली होती, तेव्हा मी आठवीत होतो. ते वळण मी हजारांत ओळखलं असतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि एक डोळा मिटला. नंतर भांडी विसळताना आईला सांगितलं म्हणे, रखमा भ्यायली, तिला वाटलं डोक्यातलं काढून घेत्यात. मग एक डोकं कमी पडून पोराचं समदं वाया गेलं आसतं. मी त्या क्षणी काय करायला हवं होतं हे प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. कागद फाडायचा. मी तो फाईलला लावला. 'निरोगी तीस'. मितेश नवा होता, त्याला सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच दिसत होत्या. आणि मला तेव्हा खरंच वाटलं होतं, की यात कोणाचं काय बिघडतं.

बिघडलं ते तीन महिन्यांनी. आमच्यात यंत्राची परीक्षा घ्यायची एक पद्धत असते. तीस आजारी आणि तीस निरोगी अशा साठांपैकी एकाला लपवायचं, उरलेल्या एकोणसाठांवर यंत्राला शिकवायचं, आणि मग लपवलेला माणूस समोर ठेवून विचारायचं, हा कोण, आजारी की निरोगी? असं साठ वेळा. माझ्या यंत्रानं छप्पन जण बरोबर ओळखले, चार चुकले. त्या चारांत दोन आजारी होते ज्यांना त्यानं निरोगी म्हटलं, आणि दोन निरोगी होते ज्यांना त्यानं आजारी म्हटलं. नऊ आणि तीस. दुपारची वेळ होती, संस्थेच्या खोलीत एसीचा आवाज चालू होता, आणि मी पडद्यावरच्या त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो. बाकी जगाला ती दोन माणसं होती. एक बायजा, एक रखमा. ती एकच बाई आहे हे फक्त मला माहीत होतं. आणि यंत्राला कोणी काही सांगितलेलं नसताना त्यानं दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या नावांखाली तिला ओळखलं होतं. एवढंच नाही. नऊला लपवलं तेव्हा तीस शिकवणीत निरोगी म्हणून होती, तीसला लपवलं तेव्हा नऊ. म्हणजे यंत्राला मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की ही बाई चांगली आहे, आणि तरीही ते दोन्ही वेळा म्हणालं, नाही. माझ्या सगळ्या कारकिर्दीत माझं यंत्र इतकं खरं कधीच बोललं नाही.

मी ते चुकलं असं धरलं. का धरलं याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. एका यंत्राच्या म्हणण्यावर माणसाला आजारी ठरवता येत नाही. संमतीच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं की कोणालाही वैयक्तिक अहवाल मिळणार नाही, आणि तो कागद मीच लिहिला होता. शिवाय तिला सांगायचं तर आधी स्वतःच्या फाईलमधलं तिसावं खोटं नाव उघडं करावं लागलं असतं. पण ही सगळी मागाहूनची वकिली. त्या दुपारी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. माझे मार्गदर्शक म्हणाले होते, पंचाण्णव टक्क्यांच्या वर गेलं तर मोठ्या नियतकालिकाकडे पाठवू. साठात छप्पन म्हणजे त्र्याण्णव. अठ्ठावन्नात छप्पन म्हणजे साडेशहाण्णव. निकाल वाढवण्यासाठी शाळा दहावीच्या ढ पोरांना बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावते, तसं मी त्या दोघींना बाहेर काढलं. बाहेर काढायला कारण लिहावं लागतं. मी इंग्रजीत लिहिलं, चांगल्या इंग्रजीत लिहिलं, की दोन सहभागींच्या केसांना तेल असल्यामुळे नोंदी सदोष आल्या. अशा वस्तीत, अशा वयोगटात सूचना देऊनही ही अडचण येते. अशा वस्तीत. तपासणाऱ्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. अशा वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या डोक्याला तेल असणारच, हे त्यांना लगेच पटलं. मला ठाऊक होतं की पटेल. म्हणून तर तेच लिहिलं.

सत्कार उरकला. माझ्या अंगावर शाल होती, हातात संविधानाची प्रत, आणि महेंद्रकाका फोटो काढायला लोकांना रांगेत उभं करत होते. गर्दीतून बायजाआत्याचा मुलगा नयन आला. तो शहाड स्टेशनबाहेर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, लहानपणी माझ्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून न्यायचा. "दादा, घरी चल ना चहाला," तो म्हणाला. "आईला बरं वाटेल. म्हणजे, आता तिला काय वाटतं ते कळत नाही, पण चल." मी घड्याळ बघितलं, ते बघण्याची गरज नव्हती, आणि त्याच्यामागून गेलो. ती खोली तशीच होती. भिंतीवर तीच तसबीर, तोच लोखंडी पलंग. पलीकडे आमची खोली; आई आता माझ्याकडे बाळकुमला असते, तिथे दुसरेच कोणी राहतात. बायजाआत्या पलंगावर बसून हातातला रुमाल घडी करत होती, मोडत होती, पुन्हा घडी करत होती. नयननं सांगितलं, दीड वर्ष झालं डॉक्टरांनी नाव सांगून. त्याआधी चार-पाच वर्षं चालूच असणार, आमच्या लक्षात नाही आलं. "आम्हाला वाटायचं मुद्दाम करते. दूध उतू घालवायची. एकच गोष्ट दहादा विचारायची. किल्लीचं तर तुला माहीतच असेल ना?"

मला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी आईनं फोनवर सांगितलेलं. बायजा विहाराला कुलूप लावायला विसरली, रात्रीत कोणी तरी स्पीकर आणि ॲम्प्लिफायर उचलून नेला, आणि कमिटीनं भर सभेत तिच्याकडून किल्ली काढून घेतली. रडत घरी गेली रे, आई म्हणाली, चार दिवस जेवली नाही. मी तेव्हा माजिवड्याला एका हॉटेलात, परदेशी पाहुण्यांबरोबर बसलो होतो. यंत्रानं वेळेआधी ओळखलं तर कुटुंबाला कसा आधार मिळतो, याविषयी मी त्यांना सांगत होतो. आईला म्हटलं, मीटिंगमध्ये आहे, आणि परत आत येऊन तेच वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढे चालू केलं. मला ती चित्रं दिसत नव्हती असं नाही. पदराच्या आतली किल्ली, ती काढून देणारा हात. दिसत होती, आणि मी बोलत होतो.

नयननं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि खाली सतरंजीवर बसला. "दादा, तू यातलाच ना? पेपरात आलेलं तुझं, आधीच कळतं म्हणून. मग एक विचारू? हिचं आधी कळलं असतं तर काय झालं असतं का?" त्याच्या विचारण्यात कसलाही आरोप नव्हता, हेच वाईट होतं. त्यानं मला विचारलं कारण त्याच्या ओळखीतला मी सगळ्यांत शिकलेला माणूस होतो. मी चहाचा घोट घेतला. म्हटलं, "या आजाराला अजून तसं औषध नाही रे. आधी कळूनही फारसा फरक पडला असता असं सांगता येत नाही." हे वाक्य शास्त्राला धरून होतं. त्यातला एकही शब्द कोणी खोडून काढू शकला नसता. नयननं मान डोलावली आणि म्हणाला, "चल, तेवढंच समाधान." मी उठलो. बायजाआत्यानं रुमालाची घडी माझ्या हातात दिली, पाहुण्याला काहीतरी द्यावं तशी. मी ती घेतली आणि निघालो.

गाडीत शाल काढून मागच्या सीटवर टाकली. कल्याण गेलं, बायपास गेला, साकेतच्या पुलाआधी गाड्यांची रांग लागली आणि तिथे मी थांबलो. करिश्माचा मेसेज शुक्रवारपासून माझ्या फोनमध्ये होता. करिश्मा माझी पीएचडीची विद्यार्थिनी, डोंबिवलीची, हुशार, आणि हुशार असण्याची तिला अजून सवय झालेली नाही. तिला मी जुन्या नोंदी नव्या यंत्रावर चालवून बघायला दिल्या होत्या. तिनं लिहिलं होतं, "सर, एच-नऊ आणि एच-तीस का काढलेत? सिग्नल एकदम क्लीन आहे, उलट सगळ्यांत क्लीन या दोनच आहेत. आणि सर, मे बी मी चुकत असेन, पण दोन्ही सेम पर्सन वाटतात." मी उत्तर दिलं होतं, केसांना तेल होतं, सोडून दे. त्यावर तिनं 'ओके सर' लिहिलं होतं. त्या दोन शब्दांत तिला काय कळलं आणि तिनं काय गिळलं, हे मला शुक्रवारीच समजायला हवं होतं. मीही कधी तरी कोणाला तरी असंच ओके सर म्हणून मोठा झालो आहे. पुढे कधी तरी ती तिच्या विद्यार्थ्याला तेल होतं असं सांगेल. पुढची गाडी दहा फूट सरकली, मी सरकलो नाही, मागून हॉर्न वाजू लागले.

सगळ्यांत स्वच्छ या दोनच आहेत. मला एकाएकी त्या रविवारचा वास आला, रिठ्याचा, तुरट, थोडा जळकट. तिनं टोपीसाठी डोकं पुढे केलं तेव्हाचा. ती इतरांच्या डोक्यांचे वास घेत फिरत होती आणि मी तिच्या डोक्याचा घेतला होता, आणि पुढे त्याच डोक्याबद्दल जगभर छापून ठेवलं होतं की ते तेलकट होतं. माजिवड्याच्या पुलाखाली उजवीकडे वळलं की कापूरबावडी, मग माझं घर, आई, माझी बायको रचना, तेविसावा मजला, दुपारची झोप. मी गाडी पुलाखाली कडेला घेतली आणि करिश्माला फोन लावला. म्हटलं, "त्या दोन फायली परत आत घे. तू बरोबर आहेस, ती एकच बाई आहे." ती हळूच म्हणाली, "सर, मग पेपरचं काय? विड्रॉ करावा लागेल." मी म्हटलं, हो. "मग आधी काढलेल्या का, त्याचं रीझन काय लिहू?" तिच्या आवाजात भीती होती, माझ्यासाठी होती की स्वतःसाठी, कळलं नाही. "तू काही लिहू नकोस," मी म्हणालो, "ते मी लिहितो." फोन ठेवल्यावर मला हलकं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. खुर्ची जाईल, प्रयोगशाळा जाईल, करिश्माची दोन वर्षं अडकतील, हे सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर आलं, आणि या सगळ्याची मला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण नयनला अजून सांगितलेलं नव्हतं, आणि ते सांगण्याची भीती या सगळ्याहून मोठी होती. मी गाडी वळवली.

मी परत पोचलो तेव्हा चारचा सुमार होता. नयन आईचे केस विंचरत होता. मला दारात बघून म्हणाला, "काय विसरलं का दादा?" मी चपला काढल्या आणि मघाशी तो बसला होता त्या सतरंजीवर बसलो. सरळ सांगितलं. सात वर्षांपूर्वीचं, दोन नावांचं, यंत्रानं दोन्ही वेळा काय म्हटलं त्याचं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, असं म्हटलं. मग तिचे आकडे का काढले आणि काढताना काय लिहिलं, तेही सांगितलं. मधे मधे थांबत होतो, तो काही तरी बोलेल म्हणून. तो कंगवा चालवत राहिला. संपल्यावर त्यानं विचारलं, "सात वर्षं?" मी मान हलवली. "म्हणजे किल्लीच्या आधी."

"आधी," मी म्हणालो. "औषध नव्हतं, ते खरंच आहे..."

"औषधाचं सोड रे." त्याचा आवाज चढला नाही, त्यानं कंगवा तेवढा खाली ठेवला. "आम्ही ओरडलो नसतो ना. मी तिला चार लोकांत वेडी म्हटलंय दादा. दूध उतू गेलं म्हणून हाताला धरून खोलीबाहेर काढलंय, पावसात उभी राहिलेली ती. किल्ली घेतली तेव्हा मीच म्हटलं, बरं झालं, लायकीच नाही. तू नुसतं एवढं सांगितलं असतंस की बाबा, तिचा दोष नाही." तो उठून दारात जाऊन पाठमोरा उभा राहिला. माफी मागायला मी आलो होतो, पण ती मागितली असती तर त्याला ती द्यायची की नाही हे ठरवण्याचं आणखी एक काम लागलं असतं. बाहेर विहाराच्या अंगणात कमिटीची पोरं माझा फलक उतरवत होती.

"त्याल नव्हतं," बायजाआत्या म्हणाली.

आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं. ती इतका वेळ ऐकते आहे हे आमच्या ध्यानातच नव्हतं. विंचरून अर्धे मागे घेतलेले, अर्धे तोंडावर आलेले केस तिनं मुठीत धरले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, मघाच्या रिकाम्या नजरेनं नव्हे, एखाद्या परक्या माणसानं घरावर आळ घेतला की बाईमाणूस बघते तसं. "कोन म्हनतं त्याल व्हतं? दोनदा धुतलं म्या. रिठ्यानं. आदल्या रातीला भिजत घातला व्हता. दुसऱ्या बारीलाबी धुतलं. वास घेऊन बग." आणि खरंच तिनं डोकं माझ्यापुढे केलं, त्या रविवारी टोपीसाठी केलं होतं तसंच. नयन दारातून म्हणाला, "आई, राहू दे." पण ती राहू देईना. तिनं माझं मनगट धरलं. हात कोरडा होता आणि पकड घट्ट.

"आमचा सम्यक हाय, शेजारचा," ती मला समजावून सांगू लागली. "लई शिकल्याला हाय. त्याचं मशीन खराब झालं आसतं तर चार मान्सांत त्याला खाली बगाया लागलं आसतं. म्हून म्या दोनदा धुतलं. तुजी वळख हाय का त्याच्याशी?"

मी म्हटलं, आहे.

"मग त्याला सांग," ती म्हणाली. "म्हनावं, बायजाच्या डोक्याला त्याल नव्हतं."

"सांगतो," मी म्हणालो.